तुम्ही विचारलंत म्हणून : वाढलेली साखर पाहण्याविषयी

"आज साखर वाढलेलीच असणार हे ठाऊक असतानाही तुम्ही बोटाला सुई कशी टोचून घेता?" असे मला नव्याने मधुमेह झालेले लोक वारंवार विचारतात. खरे सांगायचे, तर पहिली सहा वर्षे मी ती टोचून घेतच नव्हते.

गणपतीत मोदक खाल्ले, की पुढचे चार दिवस ग्लुकोमीटर कपाटात राही, आणि डॉक्टरांना दाखवायच्या वहीत मी १२८, १३५, १३१ असे आकडे मनाने भरत असे. एचबीए१सी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्यामुळे तपासणीआधी आठवडाभर पाळलेल्या कडक पथ्याने तिला फारसे चकवता येत नाही. एका वर्षी ती ९.१ टक्के आली, म्हणजे सरासरी साखर २१० च्या वर, आणि माझी वही मात्र १३० वर ठाम होती. डॉक्टर रागावले नाहीत. वही मिटून त्यांनी विचारले, "आकडा लिहिताना तुम्हांला कोणाची भीती वाटते?" मला तिथेच रडू कोसळले.

भीती आकड्याची नव्हतीच, त्यामागून येणाऱ्या "काय खाल्लंस?" या प्रश्नाची होती. घरचे तो काळजीनेच विचारत, पण मला तो आरोप वाटे. मधुमेह सांभाळताना येणाऱ्या या अपराधीपणाला, धास्तीला आणि थकव्याला 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात, आणि तो मोजण्यासाठी २० प्रश्नांची एक प्रश्नावली १९९५ पासून उपलब्ध आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. हा त्रास म्हणजे आळस नव्हे. नैराश्यही याहून वेगळे असते आणि त्यावर स्वतंत्र उपचार घ्यावे लागतात, म्हणून मनाची अवस्था डॉक्टरांपासून कृपा करून लपवू नका.

साखर केवळ खाण्याने वाढत नाही. जंतुसंसर्ग, जागरण आणि मनावरचा ताण यांनीही ती चढते. म्हणून आता मी आकड्याशेजारी त्या दिवसाची हकीकत लिहिते : "१८६, रात्री दोनपर्यंत जाग, अंगात कणकण." 'चांगली साखर' आणि 'वाईट साखर' हे शब्द आमच्या घरात वापरायचे नाहीत, असे मी यजमानांना स्पष्ट सांगितले, आणि त्यांनी ते मनापासून पाळले.

गेल्या गणपतीत दोन मोदकांनंतर आलेला २०३ हा आकडा मी वहीत तसाच लिहिला. तो पाहून डॉक्टरांनी सणाच्या दिवशी इन्सुलिनचा डोस किती आणि कधी घ्यायचा हे मला समजावून सांगितले. मनाने लिहिलेल्या १३१ वरून त्यांना ते कधीच सांगता आले नसते.