खानावळीच्या मावशींना केलेला फोन

पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ आहे. पोटाच्या तक्रारी घेऊन येणारे पेशंट ओपीडीत रोजच असतात. त्यातल्या एका सुरक्षारक्षकाची केस मी नव्या मुलींना शिकवताना आवर्जून सांगते. चाळिशीचे गृहस्थ, मूळचे बीड जिल्ह्यातले. बारा-बारा तासांची ड्युटी आणि चौघांत मिळून घेतलेली एक खोली.

"दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही मॅडम. नुसतं फुगून बसतंय," असं म्हणत त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. दोन चूर्णं, एक रेचकाची बाटली आणि कुणीतरी सुचवलेल्या प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणूंच्या, कॅप्सूल. पगारातले किती पैसे त्यात गेले होते ते त्यांनी सांगितलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी तपासलं होतं, रिपोर्ट ठीक होते. शौचातून रक्त जात नव्हतं, वजन घटलेलं नव्हतं. हे आधी बघावंच लागतं, ते सोडून थेट ताक-भाकरी सांगणं धोक्याचं आहे.

मग आदल्या दिवशीचं खाणं विचारलं. सकाळी चहा-खारी. दुपारी खानावळीचा डबा: चाळलेल्या पिठाच्या पोळ्या, बटाट्याची भाजी, भात. रात्री ड्युटीवर वडापाव आणि चहासोबत बिस्किटं. फळ नाही, दही नाही, कडधान्य आठवड्यातून एखाद्या वेळी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतुमय पदार्थ घ्यायला सांगते. यांच्या ताटात त्याच्या निम्मेही भरत नसावेत.

"गावी काय खायचात?"

"भाकरी, मटकी, जवसाची चटणी. ताक तर घरचंच. इथं कुठलं आलंय ते?"

त्यांना हवं ते सगळं त्यांच्याच तोंडून आलं होतं. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात 3 सुद्धा नाहीत. अख्ख्या मटकीत तर ज्वारीहून जास्त. आपल्याला न पचणारा हा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. कॅप्सूलमधून जिवाणू पोटात सोडायचे आणि त्यांना खायला काहीच घालायचं नाही, यात पैसा जातो फक्त.

पण नुसता तक्ता लिहून देण्यात अर्थ नव्हता. खोलीत एकच शेगडी, तवा नाही, भाकरी थापायला वेळ नाही. मी विचारलं, "डबा कुणाचा आहे? नंबर द्या." त्यांच्यासमोरच खानावळीच्या मावशींना फोन लावला.

मावशी आधी घाबरल्या. त्यांना वाटलं, डब्यातून कुणाला बाधलं की काय. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "अहो मॅडम, भाकरी कुणी मागतच नाही, म्हणून मी थापत नाही. एकट्यासाठी परात घेऊन बसणं परवडत नाही. चार-पाच जण मिळाले तर आजपासून थापते." उसळीचं विचारलं तर भाव सांगितला, पण लगेच म्हणाल्या, "मोड आले की पावशेराची अर्ध्या किलोच्या वर भरते. बटाट्यापेक्षा थोडीच महाग पडेल."

पेशंटनी तिथूनच आपल्या साथीदारांना फोन केले. तिघे बीड-जालन्याकडचेच होते, लगेच तयार झाले.

मी वर एवढंच घातलं: जेवणात घरगुती ताक, पण कढी करून नव्हे, कारण उकळलं की त्यातले जिवाणू मरतात. वडापावच्या जागी भिजवलेले हरभरे, कांदा, लिंबू. हंगामात पेरू, बियांसकट, एरवी केळं. पाणी वाढवायचं. आणि उसळ पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचेच, कारण सवय नसलेलं पोट एकदम चोथा आला की गॅस धरतं. कॅप्सूल संपल्यावर नव्या घेऊ नका म्हटलं. रेचक मात्र डॉक्टरांना विचारूनच कमी करायचं.

फेरतपासणीला आले तेव्हा चेहरा मोकळा होता. पहिल्या आठवड्यात पोट गुरगुरलं, उसळ कमी केल्यावर थांबलं. आता बहुतेक रोज सकाळी साफ होतं, असं म्हणाले. डॉक्टरांनी रेचक हळूहळू बंद केलं. मावशींच्या भाकरीला आता आणखी गिऱ्हाइकं मिळाली आहेत.

तेव्हापासून केसपेपरवर मी एक प्रश्न वाढवला आहे: स्वयंपाक कोण करतं? स्वतः करत नसतील तर करणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय मी आहार ठरवत नाही. त्या दिवशी जाताना त्यांनी विचारलं, "दुपारचं ताक रात्रीपर्यंत आंबट होतंय, प्यावं का?" आंबट झालं तरी चालेल, म्हटलं. पाणी तेवढं उकळून गार केलेलं घाला, आणि वास बदलला किंवा बुरशी दिसली तर सरळ ओतून द्या.