री-रनचे बटण

आमच्या पाइपलाइनमध्ये, म्हणजे नवा कोड आपोआप तपासणाऱ्या साखळीत, एक टेस्ट दिवसा कधीच नापास होत नसे. रात्री उशिरा कोणी आपला कोड मर्ज करायला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायला, गेले की मात्र ती लाल होई. मग तो काम सकाळवर टाकी, सकाळी आल्यावर 'री-रन' (पुन्हा चालवा) दाबी, बिल्ड, म्हणजे ती सगळी तपासणी, हिरवे होई आणि विषय तिथेच संपे. असे चार महिने चालले. अखेर एका ग्राहकाने आपल्या बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडल्याची तक्रार केली, तेव्हा आम्ही ती टेस्ट प्रथमच नीट वाचली. बिलाची तारीख ग्राहकाच्या घड्याळानुसार असावी, अशी तिची अपेक्षा होती. आमचा कोड मात्र सर्व्हरच्या, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या, घड्याळावरून तारीख काढत होता. ज्या काही तासांत या दोन तारखा वेगळ्या असतात, नेमक्या त्याच तासांत टेस्ट नापास होत होती, आणि ती खरे सांगत होती.

अशा कधी पास तर कधी नापास होणाऱ्या लहरी टेस्टना 'फ्लेकी' म्हणतात. एखादी टेस्ट हजारातून एकदाच विनाकारण नापास होते, हे ऐकायला क्षुल्लक वाटते. पण अशा हजार टेस्ट एकत्र चालवल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर निदान एक तरी नापास होण्याची शक्यता ६३ टक्के भरते. गूगलने २०१६ मध्ये स्वतःबद्दल लिहिले होते की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमी-अधिक लहरीपणा आहे, आणि पास होणारी टेस्ट नापास होऊ लागल्याच्या ८४ टक्के प्रसंगांत फ्लेकी टेस्टचा संबंध असतो. हे प्रमाण पाहिल्यावर री-रन दाबणाऱ्याला दोष देणे अवघड जाते.

तरीही नापास टेस्ट आपोआप तीनदा चालवून पाहण्याची जी सोय बहुतेक साधनांत असते, तिला माझा विरोध आहे. नेटवर्क तुटले तर ती उपयोगी पडते, हे मान्य. परंतु दोन थ्रेडमधील (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमधील) शर्यत किंवा मागच्या टेस्टने डेटाबेसमध्ये सोडलेली ओळ तिच्यामुळे बेमालूम झाकली जाते.

नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-व्यवहार कंपनीचे उदाहरण बहुधा हाताने केलेल्या डिप्लॉयमेंटचे (सर्व्हरवर नवा कोड चढवण्याचे) म्हणून सांगितले जाते. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नव्हता आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. मला त्यातला दुसराच तपशील अस्वस्थ करतो. बाजार उघडण्यापूर्वी त्यांच्याच प्रणालीने त्या चुकीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते इशारे म्हणून योजलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

बिलाच्या प्रकरणानंतर आम्ही वेळेशी संबंधित प्रत्येक टेस्टमध्ये घड्याळ बाहेरून, म्हणजे खऱ्या वेळेऐवजी आम्ही ठरवलेली वेळ, देऊ लागलो आणि मध्यरात्रीच्या आगेमागेच्या वेळा मुद्दाम तपासू लागलो. जी टेस्ट लहरी ठरते, ती मर्ज अडवणाऱ्या संचातून काढून वेगळ्या यादीत जाते. तिच्यापुढे एका माणसाचे नाव आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख लिहिली जाते. त्या तारखेपर्यंत कारण सापडले नाही, तर टेस्ट पुसून नव्याने लिहायची. सध्या यादीत तीन टेस्ट आहेत. त्यांतली फाइल अपलोडची माझ्या नावावर असून तिची मुदत शुक्रवारी संपते.