फ्लूच्या लशीसाठी मागितला पालकत्वाचा दाखला

पावसाळ्याआधी दादाला फ्लूची लस द्यायची, काम एवढंच होतं. दादा बेचाळीस वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नसतो. त्याला जोर लावून खोकता येत नाही, पाणी पिताना ठसका लागतो. आपण चार दिवसांत झटकून टाकतो तो ताप त्याच्या छातीत उतरतो. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत असतो, आणि लशीचा असर यायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यातच उरकून घ्यायचं होतं.

आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लगेच दिली. पण त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून रॅम्प असलेल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. केसपेपर, रांग सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते संमतीपत्रावर.

टेबलामागच्या बाईंनी दादाकडे न बघता मला विचारलं, "यांना कळतं का?"

"त्यांनाच विचारा ना."

दादा बोलला. त्याचं बोलणं समजायला थोडी सवय लागते. बाईंनी तेवढी वाटही पाहिली नाही. "सही येत नाही ना? मग गार्डियन लागेल." मी सख्खी बहीण आहे म्हटलं. "तसं नाही चालत, मॅडम. लीगल गार्डियनचं सर्टिफिकेट आणा, कलेक्टर ऑफिसचं."

असं सर्टिफिकेट असतं, नाही असं नाही. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते देते, पण ज्याला पालकाची गरज आहे त्यालाच. दादा बी.कॉम. आहे. घराचा हिशेब, आईच्या पेन्शनची कामं तोच बघतो. त्याला दंडात एक सुई टोचून घ्यायला पालक कशाला हवा? मी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 13 मोबाइलवर काढून पुढे धरलं. इतरांइतकीच कायदेशीर क्षमता दिव्यांगांनाही आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. बाई म्हणाल्या, "ते वर विचारा." वरचे साहेब मीटिंगमध्ये. पुढच्या खेपेला साहेब भेटले, तर त्यांनी परत खाली पाठवलं. दरवेळी व्हीलचेअर घडी करून रिक्षात कोंबायची, दादाला उचलून बसवायचं, आणि तोच फॉर्म तसाच कोरा घेऊन घरी यायचं. एव्हाना पाऊस सुरू झाला, सोसायटीत पोरं खोकायला लागली. दादा रिक्षात म्हणतो, "गार्डियन नेमलाच तर तू नको. फार भांडतेस."

शेवटी एक वैद्यकीय अधिकारी हाताशी लागल्या. त्यांना मी एवढंच म्हटलं, "देणार नसाल तर कारणासकट लेखी द्या." त्या उठल्या, व्हीलचेअरशी वाकल्या आणि थेट दादाला विचारलं, "लस देऊ?" दादा म्हणाला, "द्या." त्याचा अंगठा मुठीत घट्ट दुमडलेला असतो, तो हलकेच उलगडून शाई लावली, ठसा घेतला, साक्षीदार म्हणून मी सही केली. संपलं! मग इतके दिवस काय दळत होतात?

तर कुणाला अशी लस घ्यायची असेल तर तो 'लेखी द्या' पहिल्याच दिवशी काढा, माझ्यासारखं सौजन्य दाखवत बसू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. 2016 च्या त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 25 मध्ये दिव्यांगांना तपासणी-उपचारात प्राधान्य देण्याचं म्हटलंय, म्हणजे रांगेत ताटकळायचीही गरज नाही. खाजगीत घेतली तर लस दीड-दोन हजारांच्या घरात जाते. मेडिकलमधून स्वतः नेणार असाल तर आइसपॅकच्या डब्यातून न्या, पण बर्फाला चिकटून ठेवू नका. गोठलेली लस वाया जाते. न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जंतूवरची लस वेगळी असते, तिचंही डॉक्टरांना विचारा. आणि घरातल्यांनीही टोचून घ्या. दादा कुठे बाहेर जातो? त्याच्यापर्यंत ताप येणार तो आमच्याच हातून. हे दरवर्षीचं आहे, विषाणू बदलतो तशी लसही बदलते.

हो, एक राहिलंच. दादाचा दंड आखडलेला, सुई द्यायला जागा सापडेना. तेव्हा सिस्टरनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिली, तिथेही चालते. फक्त पुढचे एक-दोन दिवस व्हीलचेअरचा पट्टा त्या जागेवर आवळू नका, ठणका लागतो.