आमची वाटचाल : एक लूप, एक अडकलेलं बिल आणि आण्णांचे दोन राऊटर

2006 साली कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीजवळ एक गाळा भाड्यानं घेऊन मी आणि माझ्या मावसभावानं नेटवर्किंगचं काम चालू केलं. भांडवल काय, तर क्रिंपिंग टूल, क्रोनचं पंचिंग टूल, केबल टेस्टर आणि निळी कन्सोल केबल (लॅपटॉप थेट राऊटरला जोडून सेटिंग करायची). आता पोरं सगळं ब्राउझरमधून करतात, पण राऊटर अडला की शेवटी कन्सोललाच यावं लागतं, म्हणून ती केबल मी अजून कुणाला हात लावू देत नाही. पहिली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते एका मोठ्या प्लांटबद्दल, नाव घेत नाही. कोटेशनमध्ये मी ऑफिस, कॅमेरे, शॉप फ्लोअर आणि वायफाय असे चार वेगळे व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं) धरले होते, मॅनेज्ड म्हणजे सेटिंग करता येणाऱ्या स्विचसकट. परचेसवाल्यानं लाल पेनानं ती लाईनच मारली, म्हणे एकाच नेटवर्कात चालतंय की सगळं. मी मेलवर लेखी कळवलं, तो मेल अजून आहे. मग हजेरीचं पंचिंग मशीन, कॅमेरे, टॅली, सगळं 192.168.1 नं सुरू होणाऱ्या एकाच नेटवर्कात कोंबलं. पुढं कॅमेऱ्याच्या ठेकेदाराच्या पोरानं एका पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच आठ पोर्टच्या साध्या स्विचमध्ये खोचली, म्हणजे लूप झाला, आणि विषय संपला! आयपी पॅकेटला टीटीएल (किती राऊटर ओलांडायचे याची मर्यादा) असतो, फिरून फिरून मरतं ते, इथरनेट फ्रेमला तसलं काही नसतं, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम जाणारा निरोप) नुसता गरगरत वाढत जातो. रॅकमधले सगळे दिवे एकदम फडफडायला लागले, बिलिंग बंद, डिस्पॅचच्या गाड्या गेटवर उभ्या. माझ्या डिझाईनमध्ये बीपीडीयू गार्डनं (लूप ओळखणारी मॅनेज्ड स्विचमधली सोय) तो पोर्ट तिथंच बंद केला असता.

खापर कुणावर? आमच्यावर. बिल अडकलं, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट संपली, पोरांचे पगार थकले, केबलवाला उधारी देईना, आणि मावसभाऊ पुण्याला नोकरीला गेला (त्याचं बरं चाललंय). एक बाहेरची कंपनी येऊन 'लोकल लोकांना जमत नाही' सांगून एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) घेऊन गेली, आणि लावलं काय तर माझेच चार व्हीलॅन, तेही दुप्पट रेटनं.

त्या दिवसांत टिकलो ते आमच्या फौंड्रीवाल्या आण्णांमुळं. त्यांनी निम्मे पैसे आधीच दिले आणि म्हणाले, "तुला पाहिजे तसं कर, पण मला बंद पडल्यालं चालणार न्हाई." दोन राऊटर लावले, मधे व्हीआरआरपी, म्हणजे एक राऊटर मास्टर, तो पडला की दुसरा बॅकअप त्याचं काम उचलतो. तेच काम करणारा एचएसआरपी सिस्को कंपनीचा स्वतःचा, व्हीआरआरपी खुला, त्यामुळं दोन ब्रँडची जोडी जमवता आली. प्रत्येक व्हीलॅनला पत्त्याच्या शेवटी .2 आणि .3 असलेले खरे राऊटर, .1 हा दोघांचा मिळून व्हर्च्युअल पत्ता, पीसीला गेटवे (नेटवर्कातून बाहेर जायचं दार) म्हणून तोच. टेस्टिंगला अकाउंटच्या पीसीवरून सर्व्हरला पिंग (उत्तर येतंय का बघायची सतत हाक) लावून ठेवला, आण्णा स्वतः रॅकपाशी. "काढू का रं?" म्हणेपर्यंत मास्टरची पिन काढलीसुद्धा. एकच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं आणि परत रिप्लाय चालू. मास्टर दर सेकंदाला 'मी आहे' सांगत असतो, तीन हाका चुकल्या की बॅकअप उठतो, म्हणजे साधारण साडेतीन सेकंद. आण्णांनी पिन लावली आणि परत काढली, विश्वास बसेना.

आता विषय निघालाच आहे तर, दोन राऊटर घेऊन एकाच यूपीएसवर लावू नका, असले रॅक मी खूप बघितलेत. दोन फायबर एकाच चरातून आणू नका, जेसीबी दोन्ही एकदम तोडतो, दुसरी लाईन रेडिओची नाहीतर 4जीची घ्या. इंटरफेस ट्रॅकिंग चालू करा, नाहीतर बाहेरची लाईन मेली तरी मास्टर आपला ऐटीत मास्टरच राहतो. आणि कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्ये कुणी गेटवे म्हणून हातानं .2 टाकलाय का तेवढं बघाच, तो फेलओव्हरला (मास्टर पडून बॅकअप उठतो तेव्हा) हमखास लटकतो.

मागच्या वर्षी त्याच प्लांटमधून नवीन शेडच्या कोटेशनसाठी फोन आला. पाठवलं. पहिली लाईन जुनी येणेबाकी, दुसरी लाईन व्हीलॅन. परचेसवाला आता नवीन आहे, तो म्हणतो पहिली लाईन तेवढी काढा. मी काढलेली नाही.