बंद सर्व्हर परवडला, रेंगाळणारा नको

आमच्या साइटबद्दल तक्रार अशी होती की पान उघडतं, पण कोरं. तेही एकाच ग्राहक-कंपनीच्या कार्यालयातून; बाकी सगळीकडे सुरळीत. मॉनिटरिंगवाल्यांचं उत्तर ठरलेलं: सर्व्हर चालू आहे, ‘सगळं ठीक’ सांगणारा २०० कोड येतोय. येणारच, कारण त्यांची तपासणी नुसतं एचटीएमएल मागवते, स्क्रिप्ट चालवून बघत नाही. तेवढ्यावर तिकीट बंद करतात, हे मला पटत नाही.

तिथल्या मशीनवर ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पानासाठी मागवलेल्या फाइलींची यादी) उघडला, तर जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची ओळ ‘पेंडिंग’वर अडकलेली. फाइल बाहेरच्या फुकट सीडीएनवरची (इतरांच्या साइटना फाइली पुरवणारे सर्व्हर), टॅग पानाच्या सुरुवातीच्या हेडमध्ये, आणि ‘थांबू नको, नंतर चालव’ सांगणारा डीफर नाही. अशी स्क्रिप्ट येईपर्यंत ब्राउझर पुढचं एचटीएमएल वाचायला घेत नाही.

खरं तर पर्यायी सोय होती. लगेच खालच्या ओळीत ‘जेक्वेरी नसेल तर आपल्या सर्व्हरवरची प्रत घे’ असं लिहिलेलं, आणि तिची चाचणीही झालेली. पण चाचणी झाली होती ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये तो पत्ता ब्लॉक करून. तिथे विनंती तत्काळ फसते आणि खालची ओळ चालते. या कार्यालयातला फायरवॉल मात्र नकार कळवत नव्हता, पॅकेट गुपचूप टाकून देत होता. ब्राउझर कनेक्शनचा नाद सोडेपर्यंत खालच्या ओळीची पाळीच येत नाही. लिनक्सच्या आयपीटेबल्स फायरवॉलमध्ये रिजेक्टऐवजी (नकार कळवणं) ड्रॉप (गुपचूप टाकणं) लावला आणि आमच्याकडेही तेच कोरं पान दिसलं. हीच चाचणी आधी व्हायला हवी होती.

‘सीडीएनच ठेवा, ती फाइल लोकांच्या कॅशेत, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, आधीच असते’ हा युक्तिवाद बैठकीत अजूनही होतो. तो कधीच बाद झालाय. सफारीत २०१३पासून, क्रोममध्ये २०२०पासून, फायरफॉक्समध्ये २०२१पासून प्रत्येक साइटची कॅशे वेगळी. दुसऱ्या साइटसाठी उतरवलेली प्रत तुमच्या कामी येत नाही. टॅगमधला इंटिग्रिटीचा शा-३८४ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) बदललेली फाइल अडवतो, न येणाऱ्या फाइलपुढे त्याचा इलाज नाही. शिवाय तो सगळीकडे लागतही नाही. पॉलिफिल.आयओ ही जुन्या ब्राउझरना नव्या सोयी पुरवणारी सेवा ब्राउझर बघून वेगवेगळी फाइल द्यायची, मग हॅश कशाचा काढणार? २०२४मध्ये ते डोमेन नव्या मालकाकडे गेलं आणि तिथून घातक कोड वाटला गेला.

आम्ही सगळ्या लायब्रऱ्या आपल्या डोमेनवर आणल्या. फाइलच्या नावातच हॅश, कॅशे-कंट्रोल हेडरला मॅक्स-एज ३१५३६००० (सेकंद, म्हणजे एक वर्ष) आणि इम्युटेबल (बदलणार नाही), टॅगला डीफर. डीफर लावताना पानातल्या इनलाइन स्क्रिप्ट तपासाव्या लागतात. त्या आधी चालतात आणि जेक्वेरी सापडत नाही म्हणून ओरडतात. आयकॉनच्या सीएसएसने दगा दिला: फाइल हलवली, पण तिच्यातले फॉन्टचे सापेक्ष पत्ते जुन्याच फोल्डर-रचनेचे, म्हणून आयकॉनच्या जागी रिकामे चौकोन. मग सीएसपी (पानाने कुठून काय घ्यावं याचा ब्राउझरला दिलेला नियम) ‘स्क्रिप्ट-सोर्स सेल्फ’वर, म्हणजे स्क्रिप्ट फक्त आपल्याच डोमेनवरून; आधी रिपोर्ट-ओन्ली, म्हणजे न अडवता नुसती नोंद. त्यातूनच कळलं की एका जुन्या टेम्पलेटचा तारीख-निवडक अजून बाहेरूनच येतोय.

एक स्क्रिप्ट मात्र बाहेरच राहिली, पेमेंटची. ती पुरवठादाराच्याच डोमेनवरून द्यावी, अशी त्याचीच अट आहे. फाइल न सांगता बदलते, त्यामुळे हॅशही नाही. ती फक्त पेमेंटच्या पानावर ठेवली, पान न अडवणारा असिंक लावला, ठरावीक वेळेत आली नाही तर बटणाच्या जागी निरोप दिसेल असं केलं. पान आता कोरं राहत नाही. पण पैसे भरायचं काम त्या कार्यालयातून अजूनही त्यांचा फायरवॉल काय टाकून देतो यावर अवलंबून आहे, आणि यावर मला उपाय सापडलेला नाही.