तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह हवा का?

‘नवा लॅपटॉप घ्यायचाय, पण एकालाही डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही. ड्राइव्हवाला शोधू का?’ असं विचारणाऱ्यांच्या घरात बहुधा एक डबा असतो. त्यात लग्नाची डीव्हीडी, मुलाच्या मुंजीची डीव्हीडी आणि वडिलांच्या एमआरआयची सीडी. खरा प्रश्न त्या डब्याचा आहे, लॅपटॉपचा नाही. म्हणून ड्राइव्हवाला लॅपटॉप शोधत बसू नका. यूएसबीला लावायचा डीव्हीडी रायटर साधारण दीड-दोन हजारांत येतो, तो घ्या आणि लॅपटॉप रॅम, एसएसडी, कीबोर्ड बघून निवडा.

आतला ड्राइव्ह १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाड असायचा. त्याची जागा आता बॅटरीनं घेतली आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा असतो आणि डीव्हीडी वाचणारा ६५०चा. यातला एकच मरतो तेव्हा डीव्हीडी चालते आणि सीडी मात्र दिसतच नाही, किंवा उलट. बाहेरचा ड्राइव्ह असा गेला तर बदलून टाकता येतो, आतला गेला तर लॅपटॉप खोलावा लागतो.

सेकंडहँड बाजारात ‘यात डीव्हीडीपण आहे’ म्हणून लॅपटॉप पुढे केला जातो. आधी ट्रे उघडून बघा, काही वेळा आत नुसतं प्लास्टिकचं झाकण असतं. मग प्रोसेसर बघा. विंडोज ११ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते आणि ड्राइव्हवाले बरेच लॅपटॉप त्याआधीचे आहेत. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. एका ट्रेपायी एवढं जुनं मशीन गळ्यात घेऊ नये.

बाहेरच्या ड्राइव्हच्या तक्रारी बहुतेक विजेच्या असतात. यूएसबी २.०चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.०चं ९००. चकती फिरायला लागते त्या क्षणी ड्राइव्ह सर्वात जास्त वीज ओढतो. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेल्या हबला (एका पोर्टची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीला) लावला, तर चकती घुर्र करते, थांबते, पुन्हा घुर्र करते आणि ड्राइव्ह ‘धिस पीसी’मधून गायब होतो. लोक म्हणतात ड्राइव्ह खराब निघाला. तो थेट लॅपटॉपला, ड्राइव्हसोबत आलेल्या आखूड वायरनं लावा. वायरला दोन यूएसबी टोकं असतील तर दोन्ही लावा. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्टं असतील तर टाइप-सी वायरचाच ड्राइव्ह मागा. डीव्हीडी सिनेमा विंडोज आपणहून चालवत नाही. व्हीएलसी हा प्लेअर टाका, फुकट आहे.

आता डबा. लग्नाच्या डीव्हीडीत ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचं फोल्डर असतं आणि त्यात जास्तीत जास्त एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइली. एखादीच उचलू नका, अख्खं फोल्डर लॅपटॉपवर घ्या. मग हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते फोल्डर उघडून एमपी४ करा. त्यातला ‘डीइंटरलेस’ हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतील. मूळ चित्र ७२० बाय ५७६चं आहे. ते १०८०पर्यंत ताणलं की फाइल फुगते, चेहरे काही स्पष्ट होत नाहीत.

एमआरआय-सीटीच्या सीडीवर फोटो नसतात, डायकॉम या वैद्यकीय प्रकारच्या फाइली असतात. बऱ्याचदा त्यांना एक्स्टेन्शनच नसतं आणि ‘डायकॉमडिर’ नावाची फाइल त्यांची अनुक्रमणिका असते. म्हणून सीडी जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवा. चार चित्रांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून काम होत नाही. डॉक्टरांना उजेड-गडदपणा बदलून बघायचं असतं, गाठ मोजायची असते आणि ते मूळ फाइलींतच जमतं.

वकिलांकडे सीडी अजून येतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मधल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातही सीडी-डीव्हीडीचा पर्याय आहे. त्यांनी ड्राइव्ह ऑफिसात ठेवावाच, पण बाहेरचाच.

कोकणातल्या पावसाळ्यात चकतीवर बुरशी धरते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरे. मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. चकतीवरची नोंद गोल मार्गानं जाते. तिला आडवा जाणारा छोटा ओरखडा ड्राइव्ह सांभाळून घेतो, मार्गाच्या दिशेनं गेलेला लांब ओरखडा नाही. सीडीची लेबलची बाजूही जपा, माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली असतो. डीव्हीडीत तो दोन पातळ थरांच्या मध्ये असतो, म्हणून तिथे थोडं निभावतं.

कॉपी करताना विंडोज ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ म्हणून अडलं तर ती चकती आधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हनं नाकारलेली चकती दुसरा वाचतो, असं खूपदा होतं. तरीही नाही झालं तर खराब चकतीतून माहिती काढणारे प्रोग्रॅम, म्हणजे आयसोबस्टर किंवा लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. डीडीरेस्क्यू वाचता येईल तेवढं आधी काढून घेतं आणि अडलेल्या जागी मागाहून पुन्हा येतं. एका चकतीला काही तासही लागू शकतात, मध्येच वायर ओढू नका.

सगळं उतरलं की ड्राइव्ह काढून ठेवा आणि पेनड्राइव्हवरची फाइल दुसऱ्या मशीनवर लावून बघा, सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटं. तोवर डबा रद्दीत घालू नका.