गुप्तवार्ता प्रमुखाच्या अपिलाचा निकाल

१४ डिसेंबर २०११ रोजी टांझानियातल्या आरुशा शहरातील आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रात, रवांडातल्या १९९४ च्या तुत्सी समाजाच्या नरसंहाराचे खटले चालवण्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने लेफ्टनंट कर्नल आनातोल नसेंगियुम्वा यांच्या अपिलावर निकाल दिला. मी तेव्हा निबंधक कार्यालयात पुराव्याच्या कागदपत्रांचे काम पाहत होतो आणि सारांश वाचला जात असताना न्यायकक्षात हजर होतो. २ एप्रिल २००२ रोजी सुरू झालेल्या मूळ खटल्यात ४०८ दिवस कामकाज चालले होते आणि २४२ साक्षीदार तपासले गेले होते. त्यातील निशाण्यांचे, म्हणजे पुरावा म्हणून दाखल झालेल्या कागदपत्रांचे, गठ्ठे कपाटातून काढणे, लावणे आणि परत ठेवणे हे आमचे रोजचे काम झाले होते.

नसेंगियुम्वा जून १९९३ पर्यंत रवांडाच्या सेना मुख्यालयात ‘जी-२’, म्हणजे गुप्तवार्ता शाखेचे प्रमुख होते. शत्रूच्या हालचाली, छावण्यांतला असंतोष, राजकीय पुढाऱ्यांबद्दल सैनिकांत चाललेली चर्चा, हे सारे गोळा करून सेनाप्रमुखांपुढे मांडणे ही त्यांची जबाबदारी. शत्रू कोण हे ठरवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांनी डिसेंबर १९९१ मध्ये नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या समितीत ते होते, आणि सत्तेची आस धरणारे कडवे तुत्सी, मग ते देशातले असोत वा बाहेरचे, हेच मुख्य शत्रू होत, असे सांगणारा त्या समितीच्या अहवालातला भाग सप्टेंबर १९९२ मध्ये सैन्यात वाटला गेला. सैनिकांच्या आणि जनतेच्या मनःस्थितीविषयी त्यांनी २७ जुलै १९९२ रोजी सेनाप्रमुखांना पाठवलेला फ्रेंच अहवाल मी बारकाईने वाचला होता. छायाप्रतीवरून छायाप्रत काढल्यामुळे त्यातल्या टंकलिखित अक्षरांच्या कडा काळवंडल्या होत्या, तरी मांडणी स्वच्छ होती, आणि लिहिणाऱ्याला आपल्या माणसांचा राग नेमका ठाऊक आहे हे ओळीओळीतून कळत होते. त्याच महिन्यात आरुशात सरकार आणि तुत्सी बंडखोर यांच्यात शांततेच्या वाटाघाटी सुरू झाल्या होत्या. ज्या शहरातल्या बोलण्यांविषयी सैन्यात खदखद होती, त्याच शहरात पुढे त्यांच्यावर खटला चालला.

जून १९९३ मध्ये त्यांना रवांडाच्या वायव्येकडील गिसेन्यी विभागाचे सेनापतिपद मिळाले. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि दुसऱ्याच दिवशी गिसेन्यी शहरात हत्या सुरू झाल्या. डिसेंबर २००८ मध्ये कनिष्ठ पीठाने त्यांना नरसंहारासाठी जन्मठेप दिली, मात्र नरसंहाराचा कट सिद्ध झाला नाही असे म्हटले: याद्या, शस्त्रवाटप, गुप्त बैठका यांचा अर्थ सत्तासंघर्षाची किंवा युद्धाची तयारी असाही लागू शकतो.

अपिलाच्या दिवशी काचेपलीकडचे प्रेक्षागृह भरलेले होते. कानाला लावलेल्या यंत्रातून सारांश ऐकताना मी समोरच्या टिपणात, जिथल्या हत्याकांडांसाठी त्यांना दोषी ठरवले होते त्या एकेका ठिकाणापुढे खूण करत होतो. मुदेंडेचे विद्यापीठ: दोषसिद्धी रद्द. न्युंडोचे धर्मपीठ: रद्द. बिसेसेरो: रद्द. उरली ती ७ एप्रिलला गिसेन्यी शहरात झालेल्या हत्यांची जबाबदारी, आणि तीही आदेश दिल्याबद्दल नव्हे, तर हाताखालच्यांचा वरिष्ठ म्हणून. जन्मठेपेऐवजी १५ वर्षांची शिक्षा ठरली. मार्च १९९६ मध्ये कॅमेरूनमध्ये अटक झाल्यापासून ते कोठडीतच असल्यामुळे ती भोगून झाली होती, म्हणून त्यांच्या सुटकेचा आदेश निघाला.

त्या दुपारी मला फार अस्वस्थ वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याने आयुष्यभर इतरांच्या मनातले हेरले, त्याला आपल्याच विभागात काय घडते आहे हे कळले नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पण माहिती असणे आणि हुकूम देणे यांच्यामधला दुवा साक्षीपुराव्याने जोडावा लागतो. तो पदाच्या वजनाने जोडला, तर उद्या कोणत्याही देशातला कोणताही अधिकारी केवळ खुर्चीमुळे दोषी ठरेल. म्हणून निकाल मला कायद्याने योग्य वाटला आणि आजही वाटतो. मुदेंडे व न्युंडो येथे माणसे मारली गेली, हे अपील पीठाने कुठेही नाकारलेले नाही. तिथून वाचलेल्यांची साक्ष रोजच्या कामात वाचली असल्याने एवढे स्पष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते.

सुटका झाली तरी जायला देश नव्हता. रवांडात परतणे त्यांना मान्य नव्हते आणि दुसरे कोणी स्वीकारेना, त्यामुळे ते आरुशातच राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या किंवा शिक्षा पूर्ण केलेल्या आठ जणांना नायजरची राजधानी नियामे येथे हलवण्यात आले, त्यांत ते होते. आणि त्याच महिन्यात नायजर सरकारने त्या सर्वांना देश सोडण्याचा आदेश दिला.